झिऑन घ्यावा की साधा पीसी? बार्शी लाईटपासून परमपर्यंत

बार्शीला गेलं की "हा पुण्याला कॉम्प्युटरमध्ये असतो" एवढ्या ओळखीवर एक प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याचं मार्केट यार्डात आडतीचं दुकान असतं, नाहीतर पतसंस्था, नाहीतर पॅथॉलॉजी लॅब. चार-पाच कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे असतात आणि विक्रेत्यानं दोन कोटेशनं हातात दिलेली असतात. एकात डेस्कटॉपचा कोअर आय-सेव्हन, दुसऱ्यात सर्व्हरचा झिऑन. झिऑनवालं चांगलंच महाग. "काय घ्यावं? सर्व्हरचा प्रोसेसर जास्त फास्ट असतो ना?"

सगळी गोम त्या शेवटच्या वाक्यात आहे. सर्व्हरचा प्रोसेसर जास्त फास्ट असतोच असं नाही. एका माणसाला एका वेळी एकच काम करायचं असेल तर चांगला डेस्कटॉप प्रोसेसर बऱ्याचदा पुढे असतो, कारण त्याचा क्लॉक जास्त वेगानं पळतो. मग जास्तीचे पैसे कशाचे? आतल्या गोलगोल जाहिरातीचे, की खरंच काही वेगळं मिळतं? हे समजून घ्यायला बेंचमार्कच्या आलेखांपेक्षा इतिहास जास्त उपयोगी पडतो असं माझं मत आहे. आणि गंमत म्हणजे त्या इतिहासाची सुरुवात मला आमच्या गावातच सापडली, कॉम्प्युटर जन्माला यायच्या कितीतरी आधी.

१८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी टाउन अशी पस्तीसएक किलोमीटरची छोटी रेल्वे सुरू झाली. नाव बार्शी लाईट रेल्वे. करणारा माणूस एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर. मुंबईहून मद्रासकडे जाणारी जीआयपी रेल्वेची मोठी लाईन बार्शीला बगल देऊन गेली होती, त्यामुळे बार्शीच्या पेठेतला माल बैलगाडीनं स्टेशनापर्यंत न्यावा लागे. सरळ विचार केला तर उत्तर सोपं होतं: मोठ्या लाईनीचाच एक फाटा आणा. पण १,६७६ मिलिमीटर रुंदीचा ब्रॉडगेज म्हणजे जड रूळ, रुंद भराव, भक्कम पूल. बार्शीच्या मालाच्या भाड्यातून तो खर्च कधी निघणार?

कॅलथ्रॉपनं ७६२ मिलिमीटरचा, म्हणजे अडीच फुटी गेज घेतला. पण त्याची खरी हुशारी रुंदीत नव्हती. त्याच्या आखणीचा कणा एकच नियम होता: चाकांच्या कुठल्याही जोडीवर ५ टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. मग ते इंजिन असो, मालडबा असो की प्रवासी डबा. हा नियम पाळला की यार्डाला फक्त ३० पौंड वजनाचे हलके रूळ पुरतात. मग इंजिन जड असून कसं चालेल? चालतं, वजन वाटून दिलं की. लीड्सच्या किटसन कंपनीनं बार्शीसाठी केलेल्या इंजिनांना म्हणून आठ जोडचाकं होती आणि मागे आणखी चार. लीड्सजवळ न्यूले इथे आधी चाचणी घेऊन मग ही गाडी इकडे आणली. पुढे १९०४ साली इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची अशीच छोटी रेल्वे निघाली, तिचा इंजिनिअरही कॅलथ्रॉपच. म्हणजे बार्शीचा अनुभव उलट विलायतेला गेला.

हे सगळं फुकट मिळालं नव्हतं. कुर्डुवाडीला गेज बदलायचा, म्हणजे प्रत्येक पोतं एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवायचं. आणि वेग? बार्शी लाईटच्या वेगावरचे विनोद आमच्याकडे अजून सांगतात, इथे परत सांगत नाही. :-) पण कॅलथ्रॉपनं प्रश्न योग्य विचारला होता. "सगळ्यात चांगली रेल्वे कोणती?" असं त्यानं विचारलं नाही. "इथे भार किती पडणार, आणि तो पेलायला किमान काय लागतं?" असं विचारलं. प्रोसेसरच्या बाजारात हा प्रश्न विचारायचं लोक विसरतात.

आता एकदम १९९५ सालात येऊ.

तोपर्यंत इंटेलचा ग्राहक म्हणून तुम्हाला फारसा पर्याय नव्हता. जो नवा प्रोसेसर येई तोच चांगला. सर्व्हरवाले लोक सन, आयबीएम, डिजिटल वगैरेंच्या वेगळ्याच जातीच्या महागड्या यंत्रांवर असत आणि पीसीवाले पीसीवर. १ नोव्हेंबर १९९५ ला इंटेलनं पेंटियम प्रो आणला आणि पहिल्यांदा घोटाळा झाला. हा साध्या पेंटियमपेक्षा नवा, महाग आणि आतून कितीतरी प्रगत. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विंडोज ९५ आलं होतं, आणि त्याच्या पोटात जुना १६-बिट कोड भरपूर शिल्लक होता. पेंटियम प्रो हा ३२-बिट कामाचा पैलवान. १६-बिट कोड आला की तो अडखळायचा, कधी कधी त्याच क्लॉकच्या साध्या पेंटियमच्याही मागे पडायचा. त्याच प्रोसेसरवर विंडोज एनटी चढवलं की मात्र सुसाट.

त्यात त्याचा कॅशे वेगळ्या तुकड्यावर असून मुख्य चिपसोबत एकाच पॅकेजमध्ये बसवलेला होता. दोन्ही जोडल्यावरच पूर्ण तपासणी होई आणि एक तुकडा खराब निघाला की दुसराही वाया. किंमत साहजिकच चढी. घरी गेम खेळणाऱ्यासाठी हा वेडेपणा होता. पण अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेनं असे हजारो २०० मेगाहर्ट्झचे पेंटियम प्रो जोडून आस्की रेड नावाचा सुपरकॉम्प्युटर केला आणि डिसेंबर १९९६ मध्ये त्यानं १ टेराफ्लॉपची, म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडींची रेषा जगात सगळ्यात आधी ओलांडली. तोच प्रोसेसर एकाच्या टेबलावर तोट्याचा आणि दुसऱ्याच्या हॉलमध्ये विक्रमवीर. भार वेगळा, एवढंच.

यातून इंटेल जे शिकली ते १९९८ साली दिसलं. (मी तेव्हा नुकता पाळण्यातून उतरलो होतो, त्यामुळे पुढची हकीकत ऑफिसातल्या वयानं थोर मंडळींकडून ऐकून आणि जुनी मासिकं वाचून.) त्या एका वर्षात इंटेलनं पेंटियम टूच्या एकाच घराण्यातून तीन पोरं बाजारात उभी केली. मधला पेंटियम टू. त्याच्या खाली स्वस्त सेलेरॉन, एप्रिलमध्ये, तोही एल-टू कॅशे काढून टाकून. आणि वरती जूनमध्ये पेंटियम टू झिऑन, पूर्ण वेगानं पळणाऱ्या मोठ्या कॅशेचा, एकाच बोर्डावर चार-चार बसवता येणारा. आतला गाभा तिघांचा एकच. एकाच पिठाची भाकरी, पण एक ताटात, एक पत्रावळीत आणि एक चांदीच्या वाटीसकट.

लोकांना हे कळायला वेळ लागला नाही. ऑगस्ट १९९८ मध्ये आलेल्या सेलेरॉन ३००ए मध्ये १२८ केबी कॅशे होता, छोटासा, पण गाभ्याच्याच वेगानं धावणारा. पेंटियम टूचा कॅशे चौपट मोठा पण अर्ध्या वेगाचा. मदरबोर्डाची बस ६६ वरून १०० मेगाहर्ट्झला नेली की ३०० चा सेलेरॉन ४५० वर चाले, आणि मग तो दुप्पट-तिप्पट किमतीच्या भावंडांच्या खांद्याला खांदा लावून उभा राही. १९९९ मध्ये अॅबिट कंपनीनं बीपी६ नावाचा मदरबोर्ड काढला आणि चक्क दोन सेलेरॉन शेजारी शेजारी बसवायची सोय केली. दोन प्रोसेसरचं यंत्र ही तोवर श्रीमंत सर्व्हरची मिरास होती, ती थेट कॉलेजच्या होस्टेलात आली.

इथवर वाचून कुणाला वाटेल, "म्हणजे सर्व्हर प्रोसेसर हा निव्वळ विक्रीचा खेळ आहे तर!" अर्धं बरोबर आहे. डेस्कटॉप आणि सर्व्हर यांच्यामधली रेषा बऱ्याचदा विकणाऱ्यानं खडूनं आखलेली असते. पण उरलेलं अर्धं दुसऱ्या एका गोष्टीत आहे आणि ते कळायला थोडं पुण्यात यावं लागेल.

१९८० च्या दशकात भारताला सुपरकॉम्प्युटर हवा होता आणि अमेरिका तो सहजासहजी द्यायला तयार नव्हती. अखेर क्रे कंपनीचं एक यंत्र मिळालं, तेही दिल्लीत, हवामानाच्या अंदाजापुरतं आणि अटी घालून. १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली, प्रमुख विजय भटकर, आपल्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. तीन वर्षांत स्वतःचा सुपरकॉम्प्युटर करायचा होता. क्रेसारखा एकच महाबलाढ्य प्रोसेसर आपल्याकडे नव्हता. मग सी-डॅकनं इनमॉस या ब्रिटिश कंपनीचा ट्रान्सप्युटर घेतला. हा दिसायला साधा प्रोसेसर, पण प्रत्येकाला चार जोडण्या, शेजाऱ्यांशी बोलायला. असे पुष्कळ जोडून १९९१ साली परम ८००० उभा राहिला. इंजिनाचं वजन पुष्कळ चाकांवर वाटून देण्याचाच हा प्रकार म्हणा ना.

यानंतरची परम घराण्याची यादी मला प्रोसेसर निवडीचा धडा म्हणून फार आवडते. ट्रान्सप्युटरची पुढची पिढी रखडली. १९९२ च्या परम ८६०० मध्ये इंटेलचा आय८६० आला, तोही खास आकडेमोडीसाठी केलेला आणि तोही पुढे बाजारातून गेला. १९९८ चा परम १०००० मात्र सन कंपनीच्या अल्ट्रास्पार्क-२ च्या तयार सर्व्हरांवर बांधला, शिखरवेग १०० गिगाफ्लॉप. २००३ ला बंगळूरच्या सी-डॅकमध्ये परम पद्म आला, आयबीएमच्या पॉवर-४ सर्व्हर प्रोसेसरवर, १ टेराफ्लॉपचा, आणि जगातल्या पहिल्या ५०० च्या यादीत १७१ वा लागला. २००८ च्या परम युवामध्ये इंटेलचा झिऑन. म्हणजे खास जातीच्या अपूर्व प्रोसेसरपासून सुरुवात करून सतराएक वर्षांत गाडी रोजच्या सर्व्हर प्रोसेसरवर येऊन थांबली. अपूर्व प्रोसेसरची अडचण अशी की तो बनवणारी कंपनी खचली की तुमचं घरही वाऱ्यावर. रोजच्या वापरातल्या प्रोसेसरला कंपायलर मिळतो, ऑपरेटिंग सिस्टिम मिळते, सुटे भाग मिळतात, शिकलेली माणसं मिळतात.

पुण्यातच २००७ साली टाटांच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजनं एका नावाचा सुपरकॉम्प्युटर केला. नोव्हेंबर २००७ च्या यादीत तो जगात चौथा होता, ११७.९ टेराफ्लॉप. आत एचपीचे ब्लेड सर्व्हर आणि इंटेलचे चार गाभ्यांचे झिऑन. आता गंमत बघा. त्याच काळात घरोघरी येऊ लागलेला कोअर २ क्वॉड हा त्या झिऑनचा सख्खा भाऊ होता. तीच रचना, तेच घराणं. मग एकासाठी डेस्कटॉपचे स्वस्त भाऊ का नाही घेतले?

याचं उत्तर अमेरिकेतल्या एका विद्यापीठानं चार वर्षं आधी स्वतःच्या खर्चानं शोधून ठेवलं होतं. २००३ मध्ये व्हर्जिनिया टेकनं अॅपलचे १,१०० पॉवर मॅक जी५ घेतले. हो, टेबलावर ठेवायचे डेस्कटॉप! ते जोडून सिस्टिम एक्स नावाचा सुपरकॉम्प्युटर केला. खर्च ५२ लाख डॉलर, म्हणजे त्या श्रेणीत अगदी किरकोळ. वेग १०.२८ टेराफ्लॉप. नोव्हेंबर २००३ च्या यादीत जगात तिसरा! सगळीकडे कौतुक झालं. आणि २००४ मध्ये त्यांनी ते सगळेच्या सगळे डेस्कटॉप काढून त्यांच्या जागी अॅपलचेच एक्ससर्व्ह नावाचे सर्व्हर बसवले. प्रोसेसर त्याच जी५ घराण्याचा. पण पॉवर मॅकला जे चालत नव्हतं ते एक्ससर्व्हमध्ये होतं: इसीसी मेमरी.

इथे आपण खऱ्या मुद्द्याला येतो.

मेमरीत प्रत्येक बिट म्हणजे विजेचा एक इवलासा साठा. तो आपोआप पालटू शकतो. कधी चिप कमजोर असते, कधी अवकाशातून आलेला एखादा कण धडकतो. ० चा १ होतो, १ चा ०. साध्या डेस्कटॉपच्या मेमरीत हे घडलं तर कुणालाच कळत नाही. नशीब असेल तर मशीन हँग होतं. नशीब नसेल तर मशीन हँग होत नाही, चुकीचा आकडा घेऊन आनंदानं पुढे जातं.

आपल्याकडे जुने दिवाणजी हिशेबाचा ताळा बघत. बेरीज बरोबर आहे की नाही हे सगळी बेरीज पुन्हा न करता तपासायची युक्ती. इसीसी म्हणजे मेमरीचा ताळा. ६४ बिट माहितीसोबत ८ बिट जास्तीचे ठेवायचे. त्या आठांवरून एक बिट पालटला तर कुठला ते कळतं आणि तो जागच्या जागी दुरुस्त होतो. दोन पालटले तर दुरुस्त होत नाहीत, पण चूक झाली एवढं तरी नक्की कळतं. या युक्तीचं मूळ बेल लॅबच्या रिचर्ड हॅमिंगकडे जातं. १९४७ च्या सुमारास त्याला तिथल्या रिलेच्या यंत्रावर शनिवार-रविवारीच पाळी मिळे. यंत्राला चूक सापडली की ते काम सोडून देई आणि वीकएंडला दुरुस्त करायला माणूस नसे. सोमवारी येऊन पाहावं तर काम अर्धवट. वैतागून त्यानं विचार केला, यंत्राला चूक झालेली कळते तर ती कुठे झाली हे का कळू नये? १९५० साली त्यानं उत्तर छापलं. वीकएंड फुकट गेल्याचा राग इतका सत्कारणी लागल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर बेल्जियममधलं स्कारबेक बघा. १८ मे २००३ च्या निवडणुकीत तिथे एका उमेदवाराला इतकी मतं पडली की ती गणितानंच शक्य नव्हती. फेरमोजणीत कळलं, ४,०९६ मतं जास्तीची. सॉफ्टवेअर उलटंपालटं तपासलं, दोष मिळेना. पण ४,०९६ हा आकडा इंजिनिअरला लगेच ओळखू येतो. २ चा १२ वा घात. म्हणजे एकच बिट पालटला असणार, तेरावा. आकडा अशक्य होता म्हणून पकडला गेला. तोच बिट जरा खालचा असता आणि १६ मतं वाढली असती, तर?

गूगलचीही तीच कथा. १९९९ च्या सुमारास त्यांनी स्वस्तातले डेस्कटॉप मदरबोर्ड, बुचाच्या पातळ तक्त्यावर चार-चार मांडून सर्व्हर केले. एक मेला तर दुसरा काम करतो, हा हिशेब. हिशेब हुशारीचा होता आणि त्यावर कंपनी उभी राहिली. पण मेलेलं मशीन ओळखता येतं. खोटं बोलणारं मशीन ओळखता येत नाही. २००० साली खराब मेमरीमुळे त्यांची वेबची अनुक्रमणिका बनवायचं काम चांगलंच अडचणीत आलं, कारण त्या मशिनांत इसीसी नव्हती. पुढे २००९ मध्ये गूगलच्याच ताफ्याचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभरात साधारण एक तृतीयांश मशिनांत मेमरीची निदान एक दुरुस्त करता येणारी चूक आढळली, आणि मेमरीच्या सुट्या पट्ट्या मोजल्या तर ८ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांत. दुरुस्त झाली ती इसीसी होती म्हणून.

आता परत बार्शीला येतो, कारण याहून चांगलं उदाहरण मला दुसरीकडे मिळणार नाही.

बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर हॉस्पिटलात १९८७ साली ग्रामीण भागाची कॅन्सर नोंदणी सुरू झाली. लोकसंख्येवर आधारलेली, पूर्णपणे खेड्यांची अशी देशातली ही पहिली नोंदणी. त्याआधी आपल्याकडच्या खेड्यांत कॅन्सर किती, कुठला, कुणाला, हे नीट सांगणारे आकडेच नव्हते. इथे माणसं गावोगाव फिरून नोंदी गोळा करत. मग १९९९ साली टाटा मेमोरियल सेंटर आणि आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेसोबत याच हॉस्पिटलनं शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक प्रचंड अभ्यास हाती घेतला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. प्रश्न हा की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची एकदाच तपासणी केली तर मृत्यू कमी होतात का, आणि कुठल्या तपासणीनं. २००९ मध्ये निकाल छापून आला आणि जगभर गाजला. एचपीव्ही विषाणूची तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरनं झालेले मृत्यू ३४. तपासणी न झालेल्या, साधारण तेवढ्याच मोठ्या गटात ६४.

सव्वा लाखांहून जास्त बायका, आठ वर्षांचा पाठपुरावा, आणि शेवटी अख्खा निष्कर्ष दोन छोट्या आकड्यांवर उभा. आता इंजिनिअरच्या नजरेनं बघा. ६४ हा आकडा कॉम्प्युटरमध्ये कसा लिहितात? १००००००. एक १ आणि पुढे सहा शून्यं. त्यातला तो एकुलता एक १ पालटला की उरतं शून्य. चौसष्ट बायकांचे मृत्यू आणि शून्य यांच्यात एका बिटाचं अंतर आहे. असं काही तिथे घडलं नाही, आणि असल्या अभ्यासात एकच आकडा दहा ठिकाणी पडताळला जातो. पण जिथे माणसं वर्षानुवर्षं वणवण करून आकडे जमा करतात, तिथे मशीननं गुपचूप चूक करू नये यासाठी चार पैसे जास्त मोजणं ही चैन नाही. सर्व्हर प्रोसेसरचे जास्तीचे पैसे बऱ्याच अंशी याचे आहेत. वेगाचे नाहीत, ताळ्याचे आहेत. प्रोसेसरला इसीसी मेमरी समजली पाहिजे, बोर्डाला समजली पाहिजे, तेव्हाच तो ताळा लागतो.

आता कुणी म्हणेल, ताळा एवढा महत्त्वाचा तर सगळ्यांनाच का देत नाहीत? इथे ती खडूची रेषा पुन्हा येते. बाकीची सर्व्हरी वैशिष्ट्यं एकेक करून खाली उतरली. एप्रिल २००३ मध्ये एएमडीनं ऑप्टेरॉन आणला, ६४-बिट आणि मेमरीचा कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच, आणि सप्टेंबरमध्ये तीच रचना अॅथलॉन ६४ म्हणून घरी आली. दोन प्रोसेसरची मिरास २००५-०६ नंतर ड्युअल कोअरनं संपवली. इसीसी मात्र इंटेलनं बरीच वर्षं बहुतांश डेस्कटॉप कोअर मालिकेत बंद ठेवली. २०१३ चा झिऑन ई३-१२३० व्ही३ हा जवळजवळ आय-सेव्हनच होता, आतलं ग्राफिक्स वजा, किंमतही आय-सेव्हनपेक्षा कमी. साध्या डेस्कटॉप बोर्डावर बसायचा म्हणून गेम खेळणाऱ्या पोरांनी तो भरपूर घेतला. २०१५ च्या पिढीपासून इंटेलनं ती वाट बंद केली, झिऑनला सर्व्हरचाच चिपसेट लागेल अशी. २०१७ पासून एएमडीच्या रायझनमध्ये, बोर्डाची साथ असेल तर, इसीसी चालू लागली. आणि २०२१ च्या बाराव्या पिढीपासून इंटेलच्या निवडक कोअर प्रोसेसरांनाही, डब्ल्यू६८० चिपसेट घेतला तर. म्हणजे आज "इसीसी हवी" याचा अर्थ "झिऑनच हवा" असा राहिलेला नाही.

तर मग त्या दोन कोटेशनांचं काय? मी हल्ली दोनच प्रश्न विचारतो.

पहिला कॅलथ्रॉपचा: भार किती? एकाच वेळी किती माणसं, किती तास, किती वर्षं? पाच जणांचं बिलिंग हा आजच्या साध्या डेस्कटॉप प्रोसेसरलासुद्धा भार नव्हे. झिऑनचे ढीगभर कोअर, शेकड्यांनी गिगाबाइट मेमरी, दोन-दोन सॉकेट, हे ज्याला तेवढं लागतं त्याच्यासाठी. बार्शीच्या पेठेत ब्रॉडगेजचं इंजिन उभं करण्यात अर्थ नाही.

दुसरा दिवाणजींचा: उत्तर चुकलं तर कुणाला कळेल का? आडतीच्या दुकानात रोज संध्याकाळी गल्ला मोजला जातो, पट्ट्या जुळवल्या जातात. ताळा माणूसच बघतो. तिथे चांगला डेस्कटॉप घ्या आणि वाचलेल्या पैशांत भक्कम यूपीएस आणि रोजचा बॅकअप करा, तोही दुसऱ्या जागी. वीज गेली, डिस्क मेली, व्हायरस आला, यातल्या कशातूनही इसीसी वाचवत नाही, आणि बार्शीत या गोष्टी अवकाशातल्या कणांपेक्षा कितीतरी जास्त वेळा येतात! पण लॅबमधले रिपोर्ट, पतसंस्थेची खाती, रुग्णांच्या नोंदी, म्हणजे जे आकडे एकदा आत गेले की वर्षानुवर्षं कुणी पुन्हा पडताळत नाही आणि ज्यांच्यावर पुढे कुणाचा तरी निर्णय होतो, तिथे इसीसीशिवाय मशीन घेऊ नका. ती छोट्या झिऑननं मिळो, नाहीतर इसीसी चालते हे बोर्डाच्या कंपनीनं स्पष्ट लिहिलेल्या रायझननं. विक्रेत्याला "किती गिगाहर्ट्झ?" विचारायच्या ऐवजी "इसीसी आहे का, आणि ती चालू आहे हे मला दाखवता का?" असं विचारा. तो गडबडला तर ते कोटेशन बाजूला ठेवा.

आणि भार बदलतो, हेही लक्षात असू द्या. बार्शी लाईट १९०६ ला पंढरपूरला, १९११ ला लातूरला आणि १९२७ ला मिरजेला पोचली. १९५४ मध्ये सरकारनं ती घेतली. पुढे वाहतूक वाढली, कुर्डुवाडीला माल उतरवून चढवणं परवडेना, आणि २००८ पर्यंत कुर्डुवाडी-लातूर मार्ग ब्रॉडगेज झाला. याचा अर्थ कॅलथ्रॉप चुकला होता असा नाही. शंभराहून जास्त वर्षं त्याचे हलके रूळ पुरले. आज घेतलेला डेस्कटॉप पाच वर्षं पुरला तरी पैसे वसूल आहेत, तोवर तुमचं दुकान किती वाढतंय ते बघू. फक्त माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चढवायची सोय आजच करून ठेवा, म्हणजे डेटा साध्या, सगळीकडे उघडेल अशा स्वरूपात बाहेर काढता येतो ना, हे सॉफ्टवेअर घेतानाच तपासा. कुर्डुवाडीच्या हमालीचा खर्च मागाहून फार जड जातो.